चेंडू उचलायचं काम तुमचं नाही

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाच्या हातात आधी बॅट येते. गोल्फचा क्लब आलाच तर चाळिशी-पन्नाशीत, कुणा मित्राच्या आग्रहाने किंवा ऑफिसच्या निमित्ताने. तोवर क्रिकेट अंगात मुरलेलं असतं. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकल्याचं घरात ऐकलेलं असतं, आणि ८ डिसेंबर २०११ ला सेहवागच्या २१९ धावा होळकर स्टेडियममध्ये बसून पाहिल्याचं सांगणारे तर स्टेडियममधल्या खुर्च्यांपेक्षा जास्त भेटतात. अशा माणसाला गोल्फमधले आखूड आयर्न लवकर जमतात. टीवर ठेवलेला चेंडू ड्रायव्हरने अधूनमधून सणसणीत जातो. मग फेअरवेवर, गवतात टेकलेल्या चेंडूमागे तो वुड हा लांब दांड्याचा क्लब ठेवतो, जोर लावतो आणि चेंडू घरंगळत पन्नास पावलांवर जाऊन थांबतो. पुढच्या वेळी आणखी जोर, आणि या वेळी चेंडूच्या चार बोटं मागे जमीन खणली जाते. तिसऱ्या वेळी वुड बॅगेत जातो तो कायमचाच.

हे बहुतेकांचं होतं आणि त्याचं कारण एकच आहे. आपण चेंडू उचलायला जातो.

क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे. मिडऑनच्या डोक्यावरून मारायचं तर उसळून आलेल्या चेंडूच्या खाली शिरावं लागतं, अंग थोडं मागे रेलतं, बॅट वरच्या दिशेने जाते. गोल्फचा चेंडू मात्र जमिनीवर निश्चल पडलेला असतो. त्याच्या खाली शिरायला जागाच नसते. खाली गवत आणि माती. उचलायच्या नादात वजन उजव्या पायावर राहतं, स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. तिथून क्लब वर यायला लागलेला असताना चेंडूच्या वरच्या भागाला लागला, तर तो घरंगळतो. क्लब चेंडूपर्यंत पोचायच्या आधीच मातीत रुतला, तर ढेकूळ उडतं. दोन्ही चुका वेगळ्या दिसतात, मूळ एकच. (इथे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितो आहे. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं. त्यांना आयुष्यभर हेच करायची सवय असते.)

चेंडू वर चढवायची सोय क्लबमध्येच केलेली आहे. फेस मागे कललेला असतो, त्या कलाला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण १० अंश, थ्री वुडचा १५, फाइव्ह वुडचा १८ आणि सेव्हन वुडचा २१ अंशांच्या आसपास. शिवाय आजच्या वुडच्या डोक्यात वजन खाली आणि मागे ठेवलेलं असतं, त्यामुळे चेंडू आणखी सहज चढतो. तुम्ही क्लब नीट गवतावरून नेला की बाकीचं तो करतो.

वुड हे नाव जुन्या काळाचं आहे. पूर्वी ही डोकी खरोखरच लाकडाची असत आणि त्यासाठी नावाजलेलं लाकूड पर्सिमनचं. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं अमेरिकेतलं झाड. जिच्या पानांना मध्य प्रदेशात तेंदूपत्ता म्हणतात आणि ज्यात बिड्या वळतात, ती टेंभुर्णी. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढून पोलादी डोक्याचे वुड विकायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत लाकूड मागे पडलं. कुणा काकांच्या माळ्यावर जुना लाकडी वुड असेल तर तो दिवाणखान्यात ठेवा. शिकायला घेऊ नका. मधोमध नाही लागला तर तो अजिबात माफ करत नाही.

आता कोणता वुड घ्यावा. दुकानदार थ्री वुड पुढे करतो, सेटमध्येही तोच येतो. माझं स्पष्ट मत आहे की नव्या खेळाडूने पहिलं वर्ष थ्री वुडला हात लावू नये. त्याचा दांडा ४३ इंचांच्या आसपास, लॉफ्ट कमी. फेअरवेवरून तो चेंडू हवेत ठेवायला स्विंगला वेग लागतो, आणि तो वेग नव्या माणसाकडे, त्यातून पन्नाशीच्या, नसतो. त्याच माणसाने सेव्हन वुड घेतला तर दांडा दीडएक इंच आखूड, लॉफ्ट ६ अंश जास्त. चेंडू उंच जातो, जास्त वेळ हवेत राहतो, आणि पुष्कळदा थ्री वुडपेक्षा लांबही पडतो. तरुण असाल, अंगात ताकद असेल तर फाइव्ह वुडने सुरुवात करा. सेव्हन वुड म्हणजे बायकांचा किंवा म्हाताऱ्यांचा क्लब, असा एक समज क्लबहाउसच्या चहावर ऐकू येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये डस्टिन जॉन्सनने २० अंडर पार खेळून मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वुड होता. एवढं ऐकवलं की तो विषय संपतो.

दांड्याचा लवचीकपणाही बघा. शाफ्टवर आर, एस, ए किंवा एल अशी अक्षरं असतात. स्विंगचा वेग बेताचा असलेल्याने एस म्हणजे स्टिफ घेऊ नये; चेंडू खालून आणि उजवीकडे जात राहतो आणि माणूस स्वतःच्या स्विंगला दोष देत बसतो. जुना वुड घ्यायलाही हरकत नाही. घेताना फेस आणि तळ नीट पाहा, डोकं हलवून आत काही खुळखुळतं का ते ऐका, आणि ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदलून घ्या. गुळगुळीत ग्रिप हातातून निसटू नये म्हणून माणूस मुठी आवळतो, आणि आवळलेल्या मुठींनी वुड कधी लागत नाही.

उभं राहण्याबद्दल. पाय खांद्यांइतके रुंद, त्याहून फार नाही. चेंडू डाव्या टाचेच्या आत साधारण दोन चेंडूंच्या अंतरावर. सेव्हन वुडला त्याहून किंचित मागे, म्हणजे शर्टाच्या डाव्या खिशाखाली. ड्रायव्हरसारखा डाव्या टाचेच्या समोर ठेवला की क्लब चेंडूपर्यंत पोचेतो वर यायला लागलेला असतो. वजन दोन्ही पायांवर सारखं किंवा डाव्या पायावर थोडं जास्त. हात खांद्यांतून सैल सोडलेले. दांडा लांब आहे म्हणून चेंडूपासून फार दूर उभं राहून हात ताणायची गरज नाही. वुड जमिनीवर टेकवा आणि त्याचा तळ सपाट बसतोय का पाहा. पुढचं टोक हवेत असेल तर तुमचे हात फार खाली आहेत किंवा तुम्ही फार लांब उभे आहात.

क्लब टेकवताना एक नियम लक्षात ठेवा. टेकवायला परवानगी आहे, पण वुडच्या रुंद तळाने चेंडूमागचं गवत दाबून सपाट करायला नाही. गोल्फच्या नियमांत ८.१ हा नियम त्यासाठीच आहे आणि स्ट्रोक प्लेमध्ये त्याला दोन फटक्यांचा दंड आहे. नवी माणसं हे अजाणता करतात, रविवारच्या फेरीत कुणी बोलत नाही, आणि पहिल्या स्पर्धेत दंड लागल्यावर वाईट वाटतं.

स्विंगमध्ये खरं शिकायचं ते एवढंच की क्लबचा तळ चेंडूच्या जागी किंवा तिच्या जरा पुढे गवताला घासून गेला पाहिजे. खाली ठोकायचं नाही आणि वर उचलायचंही नाही. इथे शिक्षकांमध्ये वाद आहे. काहीजण म्हणतात आयर्नसारखंच खाली मारा, काही म्हणतात नुसतं घासून न्या. ट्रॅकमन या रडार यंत्रावर मोजलेले आकडे पाहिले तर दोघंही आपापल्या जागी बरोबर ठरतात. पीजीए टूरवरचे पुरुष खेळाडू थ्री वुड सरासरी सुमारे ३ अंश खाली येत मारतात. एलपीजीएच्या महिला खेळाडू सुमारे १ अंशच. ज्याचा वेग जास्त त्याला खाली येऊन मारणं परवडतं. आपल्यासारख्यांचा वेग त्या बायकांपेक्षाही पुष्कळ कमी असतो, तेव्हा नक्कल करायचीच तर त्यांची करावी. टीव्हीवर रोरी मॅकिलरॉय बघण्यापेक्षा अदिती अशोकच्या चित्रफिती बघा. बंगळुरूची ही मुलगी ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिचा ड्राइव्ह लांब नाही, त्यामुळे इतरांच्या हातात आयर्न असतो तेव्हा तिच्या हातात अनेकदा हायब्रिड (आयर्न आणि वुडच्या मधला क्लब) किंवा वुड असतो. तिच्या स्विंगमध्ये घाई कुठेच दिसत नाही, हे मुद्दाम पाहा.

घासून जाणं म्हणजे काय, हे शब्दांपेक्षा रांगोळीने लवकर कळतं. घरातली साधी पांढरी रांगोळी एका पुडीत घेऊन जा. सरावाच्या जागी, गवतावर, तुमच्या दोन पायांच्या मधून समोर जाणारी दोन हात लांब रेघ ओढा, चेंडूच्या दिशेला काटकोनात. रेघ तुमच्या डाव्या टाचेच्या थोडी आत यायला हवी, म्हणजे चेंडू जिथे ठेवला असता तिथेच. चेंडू ठेवू नका. रेघेच्या एका टोकापासून सुरुवात करून सेव्हन वुडने स्विंग करा, थोडं पुढे सरका, पुन्हा करा. दहा-बारा स्विंग झाल्यावर खाली बसून खुणा बघा. जिथे क्लब घासला तिथलं गवत वाकलेलं, किंचित खरडलेलं दिसतं आणि रांगोळी उडालेली असते. ज्याच्या खुणा रेघेच्या उजवीकडे, म्हणजे मागे, सुरू होतात तो चेंडू उचलतो आहे. ज्याची रेघ शाबूत आणि गवतही शाबूत, त्याचा क्लब हवेतून गेला, म्हणजे चेंडू असता तर घरंगळला असता. खुणा रेघेवर किंवा तिच्या डावीकडे दोन-चार बोटं दिसायला लागल्या की चेंडू ठेवायला हरकत नाही. माती निघायची गरज नाही. गवताचे शेंडे उडाले तरी पुरे. ही रेघ घालायच्या आधी माळ्याला विचारून घ्या आणि नंतर पाय फिरवून पुसून टाका.

मग चेंडू. पहिल्यांदा टी जमिनीत जवळजवळ पूर्ण खोचून त्यावर ठेवा, चेंडू जमिनीपासून अर्धा-एक सेंटिमीटर वर. तिथून सहज लागायला लागला की टी आणखी खोल, आणि शेवटी गवतावर. ही पायरी टाळून लगेच गवतावर जाणारे महिनाभर तिथेच अडकतात. उलट, फेरी खेळताना टी बॉक्सवर वुड घेतलात तर टी उंच ठेवू नका. थ्री वुडच्या फेसची उंची जेमतेम चेंडूएवढी असते. ड्रायव्हरच्या उंचीवर ठेवलेल्या चेंडूखालून वुड निसटतो, चेंडू आकाशात जातो आणि वुडच्या टाळूवर पांढरा ओरखडा कायमचा राहतो.

रेंजवरच्या हिरव्या मॅटबद्दल सावध करतो. मॅटवर वुड सगळ्यांना लागतो. क्लब चेंडूच्या चार बोटं मागे आपटला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. तोच फटका मैदानावर मातीत रुततो. मॅटवर सराव करायचाच असेल तर आवाज ऐका: मागे आपटला की आधी थप्प आणि मग टक्क असे दोन आवाज येतात, नीट लागला की एकच. आणि एका बैठकीत वुडचे वीस-पंचवीस चेंडू बास. लांब दांड्याने कमरेला पीळ बसतो, चाळिशीनंतर तो दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतो. आधी दहा मिनिटं आखूड क्लबने अंग मोकळं करून घ्या.

चेंडू घरंगळला की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो. खेळणारे, बघणारे, कॅडी, सगळे एका सुरात म्हणतात, डोकं वर काढलंत. मला हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. डोकं वर आलेलं दिसतं, पण ते कारण नसतं. वजन उजव्या पायावर राहिलं, कोपरं आत ओढली गेली, छाती वर उचलली गेली की डोकं आपोआप वर येतं. नुसतं डोकं दाबून धरलं तर खांदे अडकतात, अंग पुढे फिरत नाही आणि वजन आणखी मागे राहतं, म्हणजे दुखण्यावर दुखणं. त्याऐवजी शेवट तपासा. फटका मारून झाल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत डाव्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, उजव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला, पोट लक्ष्याकडे. तोल मागे जात असेल तर तुम्ही अजून मिडऑनवरून मारताय.

जोराचंही तसंच. लांब क्लब हातात आला की तो लांब मारायचा असतो असं वाटतं आणि सुरुवातीलाच मनगटं झटकली जातात. लांबी दांड्यात आहे. लांब दांड्याचं डोकं त्याच हालचालीत जास्त वेगाने फिरतं. नाईन आयर्न ज्या लयीत मारता त्याच लयीत वुड मारा. हे जमत नसेल तर एक आयर्न आणि एक वुड असे आलटून पालटून मारा, एकाच्या मागे एक. लय बिघडली की लगेच कळतं.

आता आपल्या जमिनीबद्दल, कारण पुस्तकं आणि चित्रफिती स्कॉटलंडच्या किंवा फ्लोरिडाच्या गवतावर बेतलेल्या असतात. इंदूरकरांना सर्वांत जवळचं ओळखीचं मैदान महूचं. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांच्या मुलखात इंग्रजांनी वसवलेली ही छावणी. आता कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर, पण गोल्फ खेळणारे अजून महूच म्हणतात. मैदान लष्कराचं आहे, त्यामुळे नागरिकांनी जाण्याआधी प्रवेशाचे आणि पाहुण्यांचे नियम विचारून घ्यावेत. आपल्या भागातल्या फेअरवेवर भेटते ती हरळी, हिंदीतली दूब, आणि खाली माळव्याची माती. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आवळते आणि भेगाळते. या दोन गोष्टींवर वुड कधी काढावा आणि कधी नाही, ते ठरतं.

पाऊस उघडल्यानंतरचे दिवस वुड शिकायला सर्वांत चांगले. ऑक्टोबरमध्ये हरळी दाट असते, चेंडू पात्यांवर उचलून धरल्यासारखा बसतो, जमीन ओलसर पण भक्कम. याच दिवसांत शिकायला सुरुवात करा. डिसेंबर-जानेवारीत थंडीने हरळीची वाढ मंदावते, गवत पिवळं आणि चपटं होतं. चेंडू खाली बसतो, आणि फटका जास्त अचूक मारावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पाणी न मिळालेल्या जागी जमीन दगडासारखी होते. तिथे वुडचा रुंद तळ मातीवर आपटून वर उसळतो आणि फेसची धार चेंडूच्या पोटावर लागते. चेंडू जमिनीपासून हातभर उंचीवरून सुसाट जातो आणि घट्ट जमिनीवर पळत राहतो, त्यामुळे फटका चांगला लागल्यासारखा वाटतो. फसू नका. उघड्या, खडबडीत जमिनीवरून हायब्रिड किंवा सिक्स आयर्न घ्या. आणि पारा ४० च्या वर जातो त्या दिवसांत सकाळी सहाला सुरुवात करून नऊच्या आत घरी या. त्यानंतर फटके बिघडतात ते स्विंगमुळे नव्हे, उन्हामुळे.

पावसाळ्याची गंमत वेगळी. जूनच्या मध्यापासून चेंडू पडतो तिथेच थांबतो, घरंगळून मिळणारी लांबी शून्य. मग हवेतली लांबी महत्त्वाची आणि तिथे सेव्हन वुड थ्री वुडला सरळ मागे टाकतो. पण ओल्या काळ्या मातीत मागे आपटलेला क्लब जातो तो आतच जातो, मनगट दुखावतं. चेंडू नेहमीपेक्षा अर्धा चेंडू मागे ठेवा आणि पाऊण स्विंग करा. चेंडूला एका बाजूला चिखल चिकटला असेल तर तो हवेत भलतीकडे वळतो. म्हणूनच पावसाळ्यात अनेक मैदानांवर चेंडू उचलून, पुसून, जवळच ठेवायची मुभा देणारा स्थानिक नियम लावतात. खेळायला सुरुवात करण्याआधी तो लागू आहे का ते विचारा. लागू नसताना चेंडू उचलला तर पुन्हा दंड.

वुड काढायचा की नाही, हे ठरवायला चेंडूकडे पाहा, अंतराकडे नाही. नवा माणूस ग्रीन लांब आहे म्हणून वुड काढतो. आधी पाहायचं ते हे की चेंडूचा किती भाग गवताच्या वर दिसतो. अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर वुड. रफमध्ये अर्धा बुडालेला असेल, खड्ड्यात किंवा जुन्या डिव्हटमध्ये असेल, बंकरमध्ये असेल तर नाही. उतारावर पायांपेक्षा चेंडू खाली असेल तरीही नाही. समोर तळं असेल आणि तुमचा वुड दहात पाच वेळाच हवेत जात असेल, तर तळ्याच्या अलीकडे आयर्नने खेळा.

हिशेब मांडून बघा. ४८० यार्डांचं पार फाइव्ह आहे. तुमचा ड्राइव्ह १९० गेला, उरले २९०. थ्री वुड कितीही चांगला लागला तरी ग्रीन गाठता येणार नाही. १८० गेला तर उरले ११०. सेव्हन वुड १५० गेला तर उरले १४०. फरक ३० यार्डांचा, म्हणजे हातातला आयर्न दोन-तीन नंबर बदलतो एवढाच. थ्री वुड घरंगळला आणि ६० वर थांबला तर उरले २३०, आणि आता पुन्हा वुड काढायची वेळ. म्हणजे थ्री वुडच्या एका चांगल्या फटक्याची कमाई ३० यार्ड आणि एका वाईट फटक्याचं नुकसान एक पूर्ण फटका. सराफ्यात कुणी या भावाने सौदा करणार नाही.

लांबीच्या हव्यासाला उत्तर द्यायला महूचाच माणूस आहे. मुकेश कुमार महूचे. देशांतर्गत स्पर्धांत त्यांनी शंभराहून जास्त विजेतेपदं मिळवली, पण एशियन टूरवरचं पहिलं विजेतेपद मिळालं ते डिसेंबर २०१६ मध्ये, पॅनासोनिक ओपन इंडियात, दिल्ली गोल्फ क्लबवर. वय ५१. त्या टूरवर पहिल्यांदा जिंकणारे सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्यांचं नाव लागलं. दिल्ली गोल्फ क्लबचे फेअरवे अरुंद, दोन्ही बाजूंना दाट झुडपं. आत गेलेला चेंडू सापडला तरी खेळता येईलच असं नाही. तिथे मोठमोठे खेळाडू ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात आणि टीवरून वुड किंवा आयर्न मारतात. पंचविशीतल्या पोरांच्या पुढे पन्नाशीचा माणूस तिथे जिंकतो, तो चेंडू सरळ ठेवून. तुमच्या मैदानावरही एखादं अरुंद होल असेलच. तिथे टीवरून सेव्हन किंवा फाइव्ह वुड घ्यायची सवय लावा. चेंडू टीवर, जमीन सपाट, घाई नाही. वुडवरचा विश्वास वाढायला याहून चांगली जागा नाही.

वुडचे गाजलेले फटकेही लांब मारणाऱ्यांचे नाहीत, हे सांगायला मला आवडतं. कोरी पेव्हिन त्याच्या काळातल्या आखूड मारणाऱ्यांपैकी. १९९५ च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉक हिल्सच्या शेवटच्या होलवर त्याला २२८ यार्ड उरले होते. त्याने फोर वुड काढला आणि चेंडू जमिनीलगत धावत झेंड्यापासून पाचएक फुटांवर जाऊन थांबला. स्पर्धा त्याची झाली. त्याआधी साठ वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, जीन सारझनने मास्टर्सच्या ऑगस्टा मैदानावर पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून फोर वुडने मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये त्याने क्रेग वुडला हरवलं. दोघांच्याही हातात थ्री नव्हे, फोर वुड होता.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. वुड नीट लागायला लागला की तो अनपेक्षितपणे लांब जातो. पुढची चौकडी ग्रीनवर असेल आणि आपला फटका एवढा कुठे जातोय म्हणून तुम्ही मारलात, तर नेमका तोच जातो. चेंडूचं वजन जेमतेम ४६ ग्रॅम असलं तरी डोक्याला लागला तर जीवघेणा ठरू शकतो. पुढची माणसं ग्रीन सोडून जाईपर्यंत थांबा, फेअरवेवर काम करणारे माळी दिसत असतील तर त्यांना हाक मारून बाजूला होऊ द्या, आणि चेंडू वाकडा गेलाच तर लाज न बाळगता मोठ्याने ‘फोर’ ओरडा.

थ्री वुड कधी घ्यावा, हे बरेचजण विचारतात. फाइव्ह वुडने गवतावरून मारलेल्या दहा चेंडूंपैकी सात हवेत गेले, आणि तेही एका दिवशी नाही, सलग दोन-तीन आठवडे, की दुकानात जा. जाताना स्वतःचा फाइव्ह वुड सोबत न्या, दुकानाच्या नेटमध्ये किंवा जवळच्या रेंजवर दोन्ही शेजारी ठेवून मारून पाहा. थ्री वुड फाइव्हपेक्षा लांब आणि तेवढाच उंच जात नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पाहा.